डोळ्याला टेकलेली आग

नवतपा लागला की मला भीती वाटायला लागते. ती उन्हाची नसते. भिलाईत जन्म काढलेल्या माणसाला उन्हाची सवय असते. कूलरची टाकी भरून ठेवायची, बाहेर पडताना खिशात कांदा टाकायचा, दुपारी बारा ते पाच दार उघडायचं नाही, एवढं पाळलं की रोहिणीचे ते नऊ दिवस निघून जातात. माझी भीती उजव्या डोळ्यात बसलेली असते. कोहक्यातल्या आमच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेली चादर काढायला मी जाते, सिमेंटवरून उठलेली झळ तोंडावर येते आणि उजवी पापणी आपली आपण घट्ट मिटते. मग मी तिथेच उभी राहते. आधी एक बारीक फट, मग थोडी जास्त. शेजारच्यांची काळी टाकी दिसते, खालचा गुलमोहर दिसतो. दिसतंय, हे पटलं की श्वास सोडते. आज बारा वर्षं झाली, तरी दर नवतप्याला हे असंच.

त्या वर्षी मी सव्वीस वर्षांची होते. औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात नोकरीला होते. पत्र्याची लांब शेड, चार लेथ, आणि एका कोपऱ्यात धूळ येऊ नये म्हणून प्लास्टिकचे पडदे लावून वेगळी केलेली खोली. त्या खोलीत भिंगं असायची आणि भिंगांजवळ आमचे मालक, नायर सर. सरांना एकच ध्यास होता. जळत्या भट्टीच्या आत बघता येईल अशी नळी बनवायची.

रोलिंग मिलमध्ये लोखंडाचे लांब ठोकळे लाल होईपर्यंत भट्टीत तापवतात आणि मग लाटून त्यांच्या सळ्या करतात. त्या भट्टीचं छत विटांचं असतं. वर्षानुवर्षं आगीत राहून विटा सैल होतात. एखादी लोंबकळायला लागली आणि वेळेवर कळलं नाही, तर छत खाली येतं आणि भिंतीतून बाहेर पडणारी आग आजूबाजूच्या माणसांना गाठते. म्हणून दर पाळीला कुणीतरी भिंतीतल्या भोकासमोर निळी काच धरून आत डोकावायचा. तीन-चार सेकंद. त्याहून जास्त वेळ कुणाचा चेहरा टिकत नसे.

नायर सरांची नळी दीड हात लांब आणि मनगटाएवढी जाड होती. तिच्या दुहेरी भिंतीतून थंड पाणी फिरायचं. आगीकडच्या टोकाला एक काच, तिच्यावर सतत हवेचा झोत. आत भिंगांची रांग, आणि बाहेरच्या टोकाला आपण डोळा लावायचा. मिलमधले लोक तिला दुर्बीण म्हणायचे. मी पहिल्यांदा तिच्यातून पाहिलं ते अजून आठवतं. आत ज्वाळा अशा नव्हत्याच. सगळं एकाच रंगाचं, पिकल्या पपईसारखं, आणि त्या रंगात छताची एकेक वीट सुटी सुटी दिसत होती. सुंदर होतं ते. पण मी लगेच डोळा काढला होता आणि का काढला याचा विचार केला नव्हता.

अडचण हीच होती. नळीतून दिसत उत्तम होतं, पण बघणारं कुणी टिकत नव्हतं. पाच-सहा सेकंद झाले की माणूस मागे व्हायचा. छत नीट तपासायला निदान दोन मिनिटं हवीत. सर मला म्हणाले, ''काच मी पाहिली, भिंगं मी पाहिली. आता माणसाचं तू पाहा. त्याला सोयीचं होईल असं काहीतरी कर.'' सरांचं मराठी आमच्या शेजारात राहून आलेलं, पण स्वच्छ होतं.

मग मी सोय करायला लागले. किती हौसेने! मिलमधल्या माणसांची उंची मोजली, मान किती वाकते ते पाहिलं. सरळ नळीपुढे वाकून मान अवघडते म्हणून डोळ्याकडचं टोक तिरपं करून घेतलं. चष्मेवाल्यांसाठी मागे सरकणारी कडी बसवली. धातूची कडी तापते, डोळ्याभोवती टोचते, म्हणून रबराची वाटी हवी होती. ती शोधायला मी पावर हाउस भागातल्या बाजारात दोन दिवस हिंडले. पोहण्याचे चष्मे घेतले, मिक्सरची रबरं घेतली, मोटारच्या सुट्या भागांच्या दुकानात तर मी प्रत्येक रबर डोळ्याला लावून पाहत होते आणि दुकानदार माझ्याकडे पाहत होता. शेवटी एक मऊ, काळं, घाम न धरणारं रबर मिळालं. त्याची वाटी केली. कपाळाला टेकू दिला, हनुवटीसाठी खाच केली, दोन्ही हातांना धरायला मुठी लावल्या. माणूस त्यात असा बसायचा, की जणू त्याच्याच मापाने घडवलंय.

त्या मिलमध्ये भट्टीवर मेश्राम काका होते. पन्नाशी ओलांडलेले, बारीक अंगाचे, कानाशी पांढरे केस. गोंदियाकडून त्यांचे वडील इकडे आले होते, म्हणजे आमच्यासारखेच. पण मिलमध्ये ते सगळ्यांशी हिंदीत बोलायचे आणि माझ्याशीही. छताची पाहणी त्यांचंच काम होतं, म्हणून प्रत्येक सुधारणा मी त्यांच्यावर करून बघायची.

तिरपं टोक लावलं, काकांनी पाच सेकंद पाहिलं. रबराची वाटी लावली, चार सेकंद. कपाळाचा टेकू लावला, तीन.

''काका, कुछ तकलीफ है क्या? गर्दन दुखती है? गरम लगता है?''

''नहीं मॅडम. एकदम बढिया है. सब ठीक है.''

आणि ते घाम पुसत दुसरीकडे बघायचे. मला राग यायचा. एवढं करतेय मी, आणि हा माणूस सहकार्य करत नाही, असं मी वहीत लिहिलंसुद्धा. वही आजही कपाटात आहे. ते वाक्य वाचलं की लाज वाटते.

नवतप्याचा तिसरा दिवस होता. दुपारचे तीन. मिलच्या शेडमध्ये पाऊल टाकलं की घशातला ओलावा क्षणात जायचा. मी ठरवलं होतं, की आज आपण स्वतः दोन मिनिटं बघून दाखवायचं. ज्या गोष्टीत काही त्रास नाही, ती एका मुलीने करून दाखवली की काकांना नाही म्हणता येणार नाही. असा सगळा माझा हिशोब. काका बाजूला उभे होते. मी कपाळ टेकवलं, हनुवटी खाचेत ठेवली, मुठी धरल्या. रबर डोळ्याभोवती मऊ बसलं.

''घड्याळ देखो काका,'' मी म्हणाले.

पपईचा रंग. विटा. मी मनात मोजत होते. वीस झाले, तीस झाले. चाळिसाच्या आसपास शेडमधला आवाज बदलला. पंखे, मोटारी, पंप, सगळ्यांचा मिळून जो एक गोंगाट तिथे सतत असतो तो एकदम खाली आला. वीज गेली होती. मला आवाजातला फरक कळला, पण त्याचा अर्थ लागला नाही. नळीतली हवा थांबली होती, पाणी थांबलं होतं. आतला रंग पपईचा होता तो पिवळा झाला, मग पांढरा. टक् असा बारीक आवाज आला, आगीकडची काच तडकल्याचा. मला माहीत होतं, की आता डोळा काढायला हवा. पण अंग ऐकेना. हात मुठींना चिकटले होते, कपाळ टेकूला, आणि ती पांढरी आग डोळ्याला टेकलेली. भीतीने माणूस पळतो असं मी समजत होते. मी दगड झाले होते.

कुणीतरी माझा खांदा धरून मला मागे फेकलं. त्याच क्षणी नळीच्या सांध्यातून वाफ सुटली आणि तिचा फवारा उजव्या डोळ्यावर आला. मी जमिनीवर पडले आणि किंचाळले, आणि किंचाळतानाच मला मराठी ऐकू आलं. ''बाई, हात नका लावू! डोळ्याले हात नका लावू!'' मेश्राम काका माझी दोन्ही मनगटं धरून ओरडत होते.

पापणी भाजली होती. बुबुळाच्या वरच्या पडद्यालाही इजा झाली होती. डॉक्टर म्हणाले, ''पट्टी चार दिवस ठेवू, मग पाहू.'' बाबांनी विचारलं, ''दिसेल ना?'' डॉक्टर पुन्हा म्हणाले, ''चार दिवसांनी पाहू.''

ते चार दिवस मी कसे काढले ते कुणालाच नीट सांगता आलेलं नाही. बाबा रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. त्यांनी माझ्या खोलीच्या खिडकीला गोधडी बांधली आणि कूलरला नवीन वाळा लावला. ओल्या वाळ्याच्या वासात मी पडून राहायची. डावा डोळा चांगला होता, पण तो उघडला की उजवाही पट्टीखाली हलायचा आणि कळ यायची, म्हणून दोन्ही मिटलेले. आणि मिटलेल्या डोळ्यांत तो पांढरा रंग. मला कळेना, की हे मला दिसतंय की आठवतंय. दिसत असेल तर डोळा जिवंत आहे. नुसतं आठवत असेल तर? मी दिवसभर हेच तपासत राहायची. मान फिरवली की पांढरा डाग फिरतो का, थांबतो का. कूलर बंद पडला की मी ताडकन उठून बसायची. वीज गेल्याची ती शांतता मला सहन होत नव्हती.

बाबा यायचे, उशाशी बसायचे. ''कावून रडून राहिली माय? पट्टी ओली नको करू.''

''बाबा, नाही दिसलं तर?''

बाबा पन्ह्याचा पेला माझ्या हातात द्यायचे आणि मी दोन घोट पिईपर्यंत पेल्याला खालून हात लावून ठेवायचे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मेश्राम काका घरी आले. नंदिनी नगरच्या बाजूला कुठेतरी त्यांचं घर होतं. तिथून बसने पावर हाउस आणि पुढे ऑटो करून एवढ्या उन्हात ते आले होते. बाबांनी त्यांना पाणी दिलं, गाव विचारलं, मग दोघांची गोंदियाकडची बोली सुरू झाली. मी आतून ऐकत होते. मिलमध्ये ''सब ठीक है'' एवढंच म्हणणारा माणूस घरात शिरताच किती वेगळा झाला होता.

मग ते माझ्या खाटेजवळ येऊन बसले. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

''बाई, माही चुकी झाली,'' ते म्हणाले.

''तुमची कशी काका? तुम्ही तर मला ओढलं.''

''मी सांगाले पाह्यजे होतं. तुमी रोज इचारत होत्या, तरास काय हाय, तरास काय हाय. मी म्हणो, ठीक हाय. मले भेव लागे, बाई. दुसरं काईच नोतं. भेव लागे.''

मी उठून बसले. पट्टी बांधलेलं तोंड त्यांच्या आवाजाकडे वळवलं.

काका सांगत गेले. तरुणपणी ते दुसऱ्या एका भट्टीवर होते. त्यांच्यासोबत लक्ष्मण नावाचा त्यांचा मित्र. निळी काच धरून तो भोकातून पाहत होता आणि आतली आग अचानक भोकातून बाहेर आली. काका दोन पावलांवर उभे होते. लक्ष्मणचा एक डोळा गेला. तेव्हापासून काकांना भोकासमोर उभं राहणं नकोसं व्हायचं, पण ते काम त्यांना येत होतं, आणि येणाऱ्याला ते करावंच लागतं.

''भोकातून पाहतो ना, तवा गालाले झळ लागते,'' काका म्हणाले. ''झळ वाढली का मी मांगं सरतो. गाल सांगते मले, आग कुठं हाय ते. तुमच्या दुर्बिणीत गाल थंडेगार. आन् आग इथं, डोळ्याले टेकलेली. कुठं हाय, किती दूर हाय, काईच समजत नाही. त्यात तुमी ते रबर लावलं. लई मऊ हाय बाई, पण ते डोळ्याले धरून ठेवते. मंग कपाळाले लावलं, हनुटीले लावलं, हाताले लावलं. मले वाटे, आता पळाचं म्हटलं तर पळू कसा?''

मी एकेक करून त्या माणसाच्या सुटकेच्या वाटा बंद केल्या होत्या आणि वहीत त्याला सोय असं नाव दिलं होतं. आणि ते कळायला माझं स्वतःचं अंग त्या टेकूंमध्ये गोठावं लागलं.

''हे तुम्ही मिलमध्ये का नाही बोललात?''

''तिथं कोणापाशी बोलू? हिंदीत 'डर लगता है' म्हणलं का पोट्टे हासतात.''

पाचव्या दिवशी सकाळी पट्टी निघाली. डॉक्टरांनी डावा डोळा झाकायला सांगितला. उजवा उघडायला मला किती वेळ लागला कोण जाणे. बाबा भिंतीला टेकून उभे होते. आधी नुसता धुरकट उजेड, मग पाण्याखाली हलावं तसं काहीतरी, मग त्या हलण्याला कडा आल्या आणि बाबांच्या शर्टाचं वरचं बटण दिसलं. मी ''बटण'' एवढंच म्हणाले. बाबा खाली बसले.

आज मी पॉलिटेक्निकमध्ये शिकवते. यंत्राची रचना शिकवताना माणसाची सोय हा एक धडा असतो. उंची, कोन, पकड, उजेड, सगळ्याची कोष्टकं असतात. ती शिकवून झाली की मी मुलांना सांगते, जो हे यंत्र चालवणार आहे त्याला त्याच्या घरच्या भाषेत विचारा, की तुला कशाची भीती वाटते? मुलं हसतात. मी त्यांना हसू देते.

पट्टी निघाल्यावर नळी पुन्हा उभी करायला पुढचे काही दिवस गेले. नायर सर खचले होते. माझ्या घरी येऊन ते म्हणाले होते, ''बंद करू. मला झोप येत नाही.'' मीच नको म्हणाले. धीट होते म्हणून नाही. मी शेडमध्ये परत पाऊल टाकलं तेव्हा पंखा सुरू झाल्याच्या आवाजानेही दचकले होते. पण मिलमध्ये कुणीतरी अजून त्या भोकासमोर निळी काच धरून उभं राहत होतं, आणि ते कोण हे मला माहीत होतं.

या वेळी काका आमच्या शेडमध्ये येऊन बसायचे आणि मराठीत बोलायचे. रबराची वाटी काढली, टेकू काढले. डोळा लावायचाच नाही असं ठरलं. भट्टीत उजेड अमाप असतो, म्हणून सरांनी नळीच्या टोकाला एक दुधी काच बसवली आणि आतलं चित्र त्या काचेवर पाडलं. आता हातभर लांब उभं राहून, दोन्ही डोळ्यांनी, चष्म्यासकट बघता येत होतं. हवेचा झोत कमी झाला की वाजणारी शिट्टी बसवली. वीज गेली तरी पाणी चालू राहावं म्हणून उंचावर एक टाकी ठेवली. आणि काकांनी एक गोष्ट मागून घेतली. नळीच्या मध्ये पोलादी झडप हवी. मूठ दाबून धरली तरच ती उघडी राहील, हात सुटला की स्प्रिंगने आपली आपण बंद.

''चक्कर आली, घाबरलो, पळालो, तरी बंद झाली पाह्यजे,'' काका म्हणाले. ''मी पळालो म्हणून कोणाचं नुकसान नको.''

मृग लागायला दोन दिवस होते. ऊन तसंच होतं. मिलमध्ये नळी भिंतीत बसवली तेव्हा मी सगळ्यांच्या मागे, दाराजवळ उभी होते. सरांनी पाणी पाहिलं, हवा पाहिली. काका पुढे झाले. त्यांनी एकदा मागे वळून दारापर्यंतची वाट मोकळी आहे ना ते पाहिलं आणि मूठ दाबली.

दुधी काचेवर पपईचा रंग उमटला.

मी घड्याळ धरलं होतं. पाच सेकंद. दहा. काकांच्या मानेवरून घामाची धार वाहत होती. पंधरा. वीस. त्यांचा डावा पाय मागे सरकून तयार होता, पण ते हलले नाहीत. मिनिट झालं. सरांनी माझ्याकडे पाहिलं.

''मॅडम, इधर आइए, देखिए,'' काका म्हणाले.

मी दोन पावलं पुढे गेले. तिसरं पाऊल उचलेना. हातभर अंतर होतं, रबर नव्हतं, झडप होती, शिट्टी होती, सगळं मीच तपासलं होतं. पण पापणी मिटली ती उघडेचना. दहा-बारा माणसं बघत होती. मला वाटलं, मी इथेच रडणार.

काकांनी मूठ न सोडता मान थोडी वळवली. सगळ्यांदेखत ते मराठीत बोलले.

''नका पाहू बाई. तिथंच राहा. मी पाहून सांगतो, तुमी लिवा.''

मी वही उघडली. काका काचेकडे वळले आणि सांगायला लागले. ''उजव्या अंगाची पयली रांग चांगली हाय. दुसरी बी चांगली. तिसऱ्या रांगेत मधातल्या दोन विटा खाली उतरल्या हायत, बोटभर. त्याच्या मांगं काळी फट दिसून राहिली. लिवलं?''

''लिहिलं,'' मी म्हणाले. माझं अक्षर वाचता येण्यासारखं नव्हतं.

त्याच दिवशी भट्टी थंड करायला घेतली आणि ती निवल्यावर त्या दोन विटांभोवतीच्या आणखी अकरा विटा हाताने उचलल्या गेल्या, इतक्या सैल होत्या. पण ते पुढचं. त्या वेळी मी फक्त काकांच्या पाठीकडे बघत होते. शर्ट पाठीला चिकटला होता आणि डावा पाय अजून मागेच होता.

''काका,'' मी हळूच विचारलं, ''भीती नाही वाटत आता?''

''लागून राहिली ना बाई. लई लागून राहिली,'' काका म्हणाले. ''पण आता सोडणं माह्या हातात हाय.''

आणि ते पुढची रांग सांगू लागले.